दाण्यांआडची देवयानी

पावसाळा सरतो, हवेतली धूळ खाली बसते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री देवयानी दीर्घिका उत्तरेला चांगली उंच येते. खगोल छायाचित्रण नव्याने शिकणारे बहुतेक जण पहिला नेम तिच्यावरच धरतात आणि ते योग्यच आहे. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर असूनही आकाशात तिची लांबी पौर्णिमेच्या चंद्राच्या जवळपास सहापट भरते. त्यामुळे मोठ्या दुर्बिणीवाचून अडत नाही. साधा डीएसएलआर कॅमेरा, २०० मिलिमीटरची लेन्स आणि पृथ्वीच्या फिरण्याची भरपाई करणारा ट्रॅकर एवढ्यावर काम होतं. एक मिनिटाचं एक्सपोजर घेतलं की कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक तेजस्वी गाभा आणि त्याभोवती धूसर वलय दिसतं. त्या वलयात दीर्घिकेच्या भुजा आहेत, धुळीचे काळे पट्टे आहेत. मग संगणकावर फोटो उजळायला घ्यावा, तर भुजांच्या आधी लाल, हिरवे, निळे दाणेच वर येतात. हाच नॉइज.

प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये नॉइज कमी करण्याची एक पट्टी असते आणि हात आधी तिच्याकडेच जातो. पट्टी उजवीकडे सरकवली की दाणे विरघळतात. त्यांच्याबरोबर भुजाही विरघळतात. म्हणून या प्रकरणात ती पट्टी बऱ्याच उशिरा येईल. दाणे कुठून येतात हे समजलं नाही, तर त्यांतले कुठले पुसायचे आणि कुठल्यांना हात लावायचा नाही, हे ठरवता येत नाही.

नॉइजचा मोठा भाग कॅमेऱ्याच्या दोषातून येतो असा समज आहे. अंधुक वस्तूंच्या बाबतीत तो बहुधा चुकीचा ठरतो, कारण मोठा वाटा खुद्द प्रकाशाचा असतो. प्रकाश सुट्या कणांनी येतो आणि हे कण, म्हणजे फोटॉन, ठरावीक अंतराने येत नाहीत. अंगणात सारख्या मापाच्या फरश्या असाव्यात आणि पावसाची एक सर यावी. ढग एकच, तरी एका फरशीवर १०० थेंब पडतील, शेजारच्या फरशीवर ९१, तिच्या पलीकडच्या फरशीवर ११२. सेन्सरवरच्या पिक्सेलांचं असंच होतं. या चढउताराचा नियम फ्रेंच गणिती प्वासाँ यांच्या १८३७ सालच्या ग्रंथातून आला आहे: सरासरी मोजणी जितकी, तिच्या वर्गमुळाइतका चढउतार. १०० फोटॉनांमागे १०, म्हणजे दहा टक्के. १०,००० फोटॉनांमागे १००, म्हणजे एकच टक्का. नॉइज आकड्याने वाढला, तरी चित्राच्या तुलनेत घटला. फोटोतल्या उजळ भागांत दाणे दिसत नाहीत आणि काळोख्या भागांत ते थैमान घालतात, त्याचं कारण हेच. कॅमेरा कितीही महाग घेतला तरी या नियमातून सुटका नाही.

आता याच नियमाने देवयानीच्या एका बाहेरच्या भुजेचा हिशेब मांडू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. समजा, त्या भुजेकडून एका पिक्सेलवर मिनिटाला ४ फोटॉन नोंदले जातात आणि शहराच्या उजळलेल्या आकाशाकडून त्याच पिक्सेलवर १००. एकूण १०४, म्हणजे चढउतार १० च्या थोडा वर. हवे असलेले ४, न ठरणारे १०. एका फ्रेममध्ये ती भुजा दिसणं शक्यच नाही. अशा १०० फ्रेम एकत्र केल्या की भुजेचे ४०० होतात, चढउतार मात्र शंभरपट न होता दहापटच होतो आणि १०२ वर थांबतो. सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर ०.४ वरून जवळपास ४ वर आलं. आता भुजा अंधुकशी का होईना, ओळखता येते. हे गुणोत्तर दुप्पट करायचं असेल तर फ्रेम दुप्पट करून भागत नाही. चौपट कराव्या लागतात.

तोच कॅमेरा गावाबाहेर काळ्या आकाशाखाली न्या. समजा, तिथे आकाशाचा वाटा १०० ऐवजी १० आहे. आता तेच १०० मिनिटांचं चित्रण १०.७ चं गुणोत्तर देतं. शहराच्या गच्चीवरून त्या गुणोत्तरापर्यंत पोचायला बारा तासांहून जास्त वेळ लागेल. नॉइज कमी करणारं सर्वांत प्रभावी साधन सॉफ्टवेअरच्या मेनूत नाही, याचा यापेक्षा सरळ पुरावा मला माहीत नाही. मुंबई-पुण्याच्या हौशी निरीक्षकांनी वांगणीसारख्या जागी वर्षानुवर्षं रात्री जागवल्या. फोटो घेणाऱ्यालाही त्या जागरणाचं मोल या आकड्यांतून कळावं.

इथेच एक भ्रम दूर करायला हवा. सॉफ्टवेअरमध्ये पार्श्वभूमीचा उजेड वजा करण्याची सोय असते. ती वापरली की शहराचा नारिंगी पडदा खरंच हटतो आणि चित्र एकदम मोकळं दिसतं. पण वजा होते ती त्या उजेडाची सरासरी. त्याने आणलेला चढउतार पिक्सेलांत तसाच उरतो. वरच्या हिशेबातले १०० वजा केले तरी १० चा चढउतार कुठेही जात नाही. पडदा काढल्यावर दाणे अचानक वाढल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात ते आधीपासून तिथेच होते.

कॅमेऱ्याचा स्वतःचा वाटा यानंतर येतो. सेन्सरवरचा आकडा वाचताना होणारी गडबड म्हणजे रीड नॉइज. आजच्या चांगल्या सीमॉस सेन्सरमध्ये तो पिक्सेलमागे १ ते ३ इलेक्ट्रॉन इतका कमी आहे. आपल्या हवामानात जास्त छळते ती उष्णता. प्रकाश नसतानाही गरम सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉन सुटत राहतात आणि तापमान साधारण ६ अंशांनी वाढलं की त्यांचा ओघ दुप्पट होतो. जानेवारीत १२ अंशांच्या रात्री घेतलेला फोटो आणि मे महिन्यात ३० अंशांत घेतलेला फोटो यांत १८ अंशांचा फरक, म्हणजे तीन वेळा दुप्पट, म्हणजे आठपट ओघ. आकाशगंगेचा गाभा टिपायला महाराष्ट्रात पावसाळ्याआधीचे एप्रिल-मे हेच महिने हाताशी असतात आणि नेमक्या त्याच रात्री सेन्सर तापलेला असतो. सेन्सर गार ठेवणारे खास खगोल कॅमेरे निघाले, त्यामागे ही अडचण आहे.

उष्णतेच्या या ओघात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: वजा न होणारा चढउतार आणि एक ठरलेला साचा. काही पिक्सेल मुळातच जास्त गळके असतात आणि प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी चमकतात. हा ठरलेला साचा झाला आणि तो वजा करता येतो. त्यासाठी लेन्सवर झाकण लावून, तेवढ्याच वेळेच्या, तेवढ्याच आयएसओच्या, जमेल तितक्या त्याच तापमानाच्या फ्रेम घ्यायच्या. यांना डार्क म्हणतात. लेन्सच्या कडांचा अंधार आणि सेन्सरवरच्या धुळीच्या सावल्या घालवायला एकसारख्या उजळलेल्या पृष्ठभागाच्या फ्लॅट फ्रेम घेतात, तर बायस म्हणजे झाकण लावून घेतलेल्या शक्य तितक्या कमी वेळेच्या फ्रेम. चार-पाचच डार्क घेऊन भागवू नका. डार्कमध्येही स्वतःचा चढउतार असतो आणि मोजक्याच फ्रेमची सरासरी वजा केली, तर तो चढउतार तुमच्या चित्रात जातो. २०-३० डार्क घ्या. झाकण लावून कॅमेरा आपला आपण फ्रेम घेत राहतो, तोवर बाकीचं सामान आवरून होतं.

डार्क वजा करूनही साच्याचा थोडा अंश उरतोच. ट्रॅकर तासाभरात किंचित सरकलेला असतो. सॉफ्टवेअर तारे एकावर एक बसवतं, तेव्हा तो उरलेला अंश फ्रेमगणिक एका दिशेने सरकतो आणि अंतिम चित्रात तिरक्या समांतर रेषा उमटतात. नंतर कुठलंही साधन या रेषा नीट काढू शकत नाही. उपाय चित्रण करतानाच करायचा: दर काही फ्रेमनंतर कॅमेऱ्याची दिशा काही पिक्सेल इकडे-तिकडे, कुठलाही क्रम न ठेवता हलवायची. याला डिदरिंग म्हणतात. मग साचा एका रेषेत न राहता विखुरतो आणि सरासरीत बुडून जातो. संगणकाने चालणारा ट्रॅकर नसेल तर हे हाताने करा. कंटाळवाणं काम आहे, पण नवशिक्याला याच्याइतका फायदा दुसऱ्या कशातून मिळणार नाही.

आता संगणकावर येऊ. पिक्सइनसाइट हे या क्षेत्रातलं मातब्बर सॉफ्टवेअर, पण ते विकत घ्यावं लागतं आणि त्याची ओळख व्हायलाच बराच काळ जातो. सुरुवात सिरिलने करावी असं माझं मत आहे. ते मोफत आहे, मुक्त-स्रोत आहे आणि फ्रेम जुळवण्यापासून शेवटच्या रंगांपर्यंत सगळं त्यात होतं. फ्रेम चार वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवल्या की तयार स्क्रिप्ट डार्क-फ्लॅटचे संस्कार करते, तारे जुळवते आणि सगळ्या फ्रेमची एक फ्रेम करून देते. यालाच स्टॅकिंग म्हणतात. सरासरी काढताना प्रत्येक पिक्सेलचे शंभर आकडे शेजारी मांडले जातात आणि त्यांतला एखादा बाकीच्यांपासून फार फटकून असेल तर तो वगळला जातो. विमानाची किंवा उपग्रहाची रेघ शंभरातल्या एकाच फ्रेममध्ये त्या पिक्सेलवरून गेलेली असते, म्हणून ती नाहीशी होते. दहाच फ्रेम असतील तर फटकून कोण आहे हे ठरवणं अवघड जातं.

स्टॅक उघडल्यावर चित्र जवळजवळ काळं दिसतं. घाबरू नका. आकडे अजून प्रकाशाच्या प्रमाणात आहेत. अशा चित्राला लिनिअर म्हणतात. सिरिलमध्ये ऑटोस्ट्रेच नावाची पाहण्याची पद्धत निवडली की आकडे न बदलता चित्र फक्त पडद्यावर उजळतं. कडा कापणं, पार्श्वभूमीचा उजेड काढणं, रंगांचा तोल साधणं ही कामं याच अवस्थेत करायची. नॉइज काढण्याची पहिली वेळही हीच. पुढे चित्र कायमचं उजळताना, म्हणजे स्ट्रेच करताना, अंधुक भाग शेकडोपट ताणले जातात, उजळ भाग दाबले जातात आणि नॉइजचा मूळचा सरळ नियम मोडतो. नॉइज काढणारी गणितं त्या सरळ नियमावर उभी असतात.

सिरिलच्या नॉइज काढण्याच्या साधनात एनएल-बेझ नावाची रीत आहे. तिचं तत्त्व मला फार सुंदर वाटतं. साधी धूसर करणारी रीत एका पिक्सेलची त्याच्या शेजाऱ्यांबरोबर सरासरी काढते, म्हणून ताऱ्याची कडा पसरते. इथे मात्र चित्राचा एक छोटा चौकोन घेऊन त्याच्यासारखे दिसणारे दुसरे चौकोन शोधले जातात. ते शेजारीच असले पाहिजेत असं नाही. त्या सगळ्यांत जे समान आहे ते चित्र आणि जे दर चौकोनात वेगळं आहे तो नॉइज, असं मानून प्रत्येक चौकोन सुधारला जातो. आधी पाहिलंच की नॉइज उजेडाबरोबर बदलतो, पण ही रीत तो सगळीकडे सारखा आहे असं धरते. त्यासाठी सोबत अँस्कोम्ब यांच्या १९४८ सालच्या सूत्राचा पर्याय दिलेला आहे. ते सूत्र आकडे असे बदलतं की चढउतार सगळीकडे जवळपास सारखा होतो. फ्रेम फारच कमी असतील तेव्हा हा पर्याय वापरून पाहावा.

खाली मॉड्युलेशनची पट्टी दिसेल. ती साफ केलेलं चित्र आणि मूळ चित्र किती प्रमाणात मिसळायचं हे ठरवते. १०० वर ठेवली तर मूळ चित्र अजिबात उरत नाही. सुरुवात ६०-७० वर करा आणि थोडे दाणे राहू द्या. सगळे दाणे गेलेली पार्श्वभूमी डोळ्यांना खोटी वाटते, कारण तिच्याशेजारी दीर्घिकेच्या भुजांत बारीक पोत असतो आणि दोघांचा मेळ बसत नाही.

तरीही काही वेळा दाणे जाऊन त्यांच्या जागी मोठे, ढगाळ डाग उरतात. असे डाग आले की नवशिके पट्टी आणखी वाढवतात आणि डाग आणखी उठून दिसतात. हे का होतं ते पाहू. नॉइज वेगवेगळ्या आकारांत असतो: एक पिक्सेलचा, दोनाचा, चाराचा, आठाचा. शिवाय रंगीत सेन्सरमध्ये प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून भरले जातात. फ्रेम जुळवतानाही आकडे शेजाऱ्यांत वाटले जातात. त्यामुळे एका पिक्सेलचा दाणा पसरून तीन-चार पिक्सेलांचा होतो. बारीक थर साफ केला आणि जाड थराला हात लावला नाही, की जाड थर उघडा पडतो. वेव्हलेट नावाच्या साधनांत चित्र अशा आकारवार थरांत सुटं करता येतं आणि प्रत्येक थराला वेगळा हात लावता येतो. पहिल्या थराला जोर, दुसऱ्याला कमी, तिसऱ्याला अगदी बेताचा. चौथ्या थराच्या पुढे दीर्घिकेचे धुळीचे पट्टे सुरू होतात, तिथे थांबावं.

रंगाचे दाणे आणि उजेडाचे दाणे वेगळे धरावेत. आपला डोळा बारीक तपशील उजेडावरून टिपतो आणि रंगाच्या बारकाव्यांत तो मंद असतो. म्हणून रंगाचे दाणे बरेच जोरात पुसले तरी चित्र बिघडत नाही. जिंपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राची प्रत करून ती धूसर करायची आणि मूळ चित्रावर फक्त रंगाच्या थरासारखी बसवायची. तपशील खालच्या चित्राचा राहतो, रंग वरच्या प्रतीचा. शहरातून काढलेल्या डीएसएलआरच्या फोटोंचा अर्धा त्रास इथेच मिटतो. मोठ्या ताऱ्यांना मात्र मास्क लावून वाचवा, नाहीतर त्यांचा रंग भोवती सांडतो. मास्क दीर्घिकेच्या गाभ्यालाही लावावा. तिथे सिग्नल भरपूर आहे, नॉइज काढण्याची गरजच नाही.

आता या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा भाग. पुसलं ते खरंच नॉइजच होतं, हे कसं ओळखायचं? पडद्याकडे बघून हे कळत नाही, कारण गुळगुळीत चित्र सुंदर वाटतं आणि डोळा त्याच्या बाजूने निकाल देतो. म्हणून वजाबाकी करा. नॉइज काढण्यापूर्वीच्या लिनिअर चित्रातून नंतरचं चित्र वजा करायचं. सिरिल आणि पिक्सइनसाइट या दोन्हींत पिक्सेलमॅथ नावाचं साधन त्यासाठीच आहे. आकडे शून्याखाली जाऊन कापले जाऊ नयेत म्हणून एक छोटा स्थिरांक मिळवायचा. जे उरेल ते तुम्ही चित्रातून काढून टाकलेलं सगळं काही. त्यात नुसते विखुरलेले दाणे दिसले तर काम चोख झालं. दीर्घिकेच्या जागी दाणे थोडे जाड दिसतील. ते ठीक आहे, कारण जिथे उजेड जास्त तिथे आकड्याने चढउतारही जास्त. पण वजाबाकीत भुजेची कमान दिसली, धुळीचा पट्टा दिसला, ताऱ्यांभोवती कडी दिसली, तर तुम्ही देवयानीचाच तुकडा काढून फेकला आहे. मागे जा, पट्टी खाली आणा.

उलट बाजूची चूकही होते: नॉइजलाच तपशील समजून जपणं. त्याची परीक्षा वेगळी. फ्रेमचे दोन गट करा, सम क्रमांकाच्या आणि विषम क्रमांकाच्या. दोन्हींचे वेगळे स्टॅक करा आणि दोघांवर अगदी सारखे संस्कार करा. आकाश दोघांत एकच आहे, चढउतार मात्र वेगवेगळे. एखादा तंतू दोन्ही चित्रांत त्याच जागी असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवायला जागा आहे. एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, तर तो दाण्यांच्या योगायोगाने जमलेला आकार. प्रत्येक गटात निम्म्याच फ्रेम असल्याने दोन्ही चित्रं अंतिम चित्रापेक्षा खरखरीत दिसतील, ते गृहीत धरावं. सेन्सरचा ठरलेला साचा किंवा लेन्समधलं परावर्तन मात्र दोन्ही गटांत सारखंच उतरतं. ते ओळखायला दुसऱ्या रात्रीचं, शक्यतो दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र हवं.

कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या साधनांमुळे या परीक्षांची गरज वाढली आहे. मोफत मिळणारं ग्रॅक्सपर्ट किंवा विकतचं नॉइजएक्सटर्मिनेटर काही मिनिटांत जे करतं, त्याला पूर्वी एक संध्याकाळ लागायची. त्यांचा वापर टाळा असं मी म्हणणार नाही. मध्यम जोरावर ती उत्तम चालतात. पण ही साधनं हजारो खरखरीत आणि स्वच्छ चित्रांवरून शिकलेली असतात. सिग्नल भरपूर असेल तिथे ती अचूक काम करतात. सिग्नल दाण्यांच्या पातळीवर आला की ती आधी पाहिलेल्या चित्रांवरून अंदाज बांधतात. मग दाण्यांच्या घोळक्याचा नाजूक तंतू होतो, जो आकाशात नाही. तो फार देखणा असतो, म्हणूनच धोक्याचा.

विरुद्ध टोकाचंही एक उदाहरण आहे आणि ते देवयानीचंच आहे. २०२२ मध्ये फ्रान्समधून यान सेंती या हौशी छायाचित्रकाराने छोट्या दुर्बिणीने देवयानी टिपली. ऑक्सिजनच्या निळसर-हिरव्या प्रकाशापुरत्या फिल्टरमधून घेतलेल्या चित्रांत दीर्घिकेच्या एका बाजूला अत्यंत अंधुक कमान दिसत होती. गेली शंभरहून अधिक वर्षं या दीर्घिकेचे फोटो निघत आहेत. तिच्या एवढ्या जवळ एवढी मोठी गोष्ट कुणी पाहिलेली नव्हती. परावर्तन असेल, संस्कारातली चूक असेल, असं म्हणून ती पुसून टाकणं सोपं होतं. सेंती, मार्सेल ड्रेक्सलर आणि झाविए स्ट्रॉटनर यांनी ती पुसली नाही. वेगळ्या जागांवरून, वेगळ्या दुर्बिणींनी घेतलेल्या चित्रांशी ताडून पाहिल्यावर कमान तिथेही निघाली आणि जानेवारी २०२३ मध्ये शोध जाहीर झाला. आकाशात तिची लांबी सुमारे दीड अंश, म्हणजे तीन पूर्णचंद्रांइतकी आहे. त्या चित्रासाठी शंभरहून अधिक तासांचा प्रकाश जमवलेला होता. ग्रीनिचच्या रॉयल ऑब्झर्व्हेटरीच्या स्पर्धेत २०२३ चा सर्वोच्च पुरस्कार त्याच चित्राला मिळाला.

तुमच्या चित्रात अशी कमान येणार नाही. पण पार्श्वभूमी काळी कुळकुळीत करण्याआधी तिची आठवण ठेवा. दाणे लपवायला काळा बिंदू वर ओढणं ही सर्रास वापरली जाणारी युक्ती आहे. तिने दाण्यांबरोबर दीर्घिकेच्या बाहेरच्या भुजा आणि तिचं फिकट वलयही शून्यात जातं आणि शून्यातून ते परत आणता येत नाही. हिस्टोग्रामचा डोंगर डाव्या भिंतीला टेकू देऊ नका. आकाश गडद करडं राहू द्या. चित्र फक्त मोबाइलवर दाखवायचं असेल तर आणखी एक सोपी गोष्ट करता येते. दोन गुणिले दोन पिक्सेलांचा एक करून चित्र निम्म्या मापाचं करा. चार आकड्यांची सरासरी झाल्याने नॉइज निम्म्याच्या आसपास येतो आणि छोट्या पडद्यावर तपशील गेलेला कळतही नाही.

स्टॅकची ३२-बिट लिनिअर फाइल मात्र कधीही पुसू नका, अंतिम चित्र कितीही मनासारखं झालं तरी. डार्क आणि फ्लॅटसकट मूळ फ्रेमही जपून ठेवा. पुढच्या ऑक्टोबरमध्ये त्याच लेन्सने आणखी तीनशे फ्रेम घेतल्या, तर शंभराच्या चारशे होतील, दोन्ही वर्षांचा प्रकाश एकाच स्टॅकमध्ये जाईल आणि गुणोत्तर ४ वरून ८ वर पोचेल.